जिस्ट कार्ड ते डोंगल : परवान्याच्या यंत्रातली मराठी

पाबळचे नाव काढले की पुण्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक मस्तानीची समाधी आणि दुसरी विज्ञान आश्रम. बाजीरावाने मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे दिली होती आणि १७४० साली ती गेल्यावर पाबळलाच तिचे दफन झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. विज्ञान आश्रम त्या मानाने अलीकडचा. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात आले आणि शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवू लागले. त्यांचे निधन २००३ साली झाले.

आमचे पाबळशी नाते जडले तेही २००३ सालीच, मात्र वेगळ्या कारणाने. आम्ही दोघे तेव्हा एम. ए. करीत होतो आणि प्रबंधिकेसाठी शेतांची नावे गोळा करण्याचे खूळ आमच्या डोक्यात शिरले होते. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, धामारी या पट्ट्यात सायकलवर हिंडून आम्ही चार वह्या भरल्या. सातबाऱ्यावर शेताला गट क्रमांक असतो, नाव नसते. नाव असते ते घरातल्या बायांच्या आणि गड्यांच्या तोंडी. माळाची पट्टी, बाभळीचा तुकडा, म्हसोबाचे वावर, सवतीचा मळा. गट पडला, विहीर बुजली, घर शहरात गेले की नाव जाते. त्यामुळे हे काम वेळेत झाले याचे समाधान आम्हांला बरीच वर्षे होते.

वह्या पुण्यातल्या एका डीटीपीवाल्याकडे नेऊन आम्ही अक्षरजुळणी करून घेतली. पाच प्रती छापल्या आणि एक सीडी घेतली. वह्यांना पुढे वाळवी लागली. पाच प्रतींचे काय झाले हा प्रश्न ज्याने कोणी प्रबंधिका लिहिली आहे तो आम्हांला विचारणार नाही. २०११ साली आम्ही ती सीडी काढली तेव्हा डीटीपीवाल्याने दुकान बंद करून चार वर्षे झाली होती. त्याच्याकडे ज्या प्रणालीवर ही जुळणी झाली ती चालायला संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या तोंडात, एक बोटाएवढे खुंटीसारखे यंत्र बसवावे लागे. धंद्यातली माणसे त्याला नुसते ‘लॉक’ म्हणत, कोणी ‘डोंगल’ म्हणत. ते लॉक कुठे गेले हे त्यालाही सांगता येईना. उत्पादकाकडे चौकशी केली तेव्हा नवी आवृत्ती नव्या लॉकसह विकत घ्या, असे उत्तर आले. आमच्या मजकुराची फाईल मात्र उघडत होती. तिच्यात ब्रिटिश पौंडाची चिन्हे, उलटी प्रश्नचिन्हे आणि फ्रेंच टोप्या घातलेले ए आणि ई होते.

हा प्रसंग काही आमच्या एकट्याचा नाही. मराठीत छापणाऱ्या, छापवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे असा एखादा किस्सा निघतो. त्यावर सर्वसाधारण हळहळ अशी की ‘आपली भाषा यंत्राला बांधली गेली’. आम्हीही बरीच वर्षे हेच म्हणत होतो. पुढे एका जुन्या फ्लॉपीमुळे आमचे मत बदलले. यंत्राला बांधणे आणि कुलपात ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मराठीच्या बाबतीत त्या एकापाठोपाठ एक घडल्या. त्यांतली पहिली पुण्यातच घडली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

१९८१ साली आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचा पडदा ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळींचा. प्रत्येक घरात एक अक्षर, प्रत्येक अक्षराला एक बाइट, आणि त्या अक्षराचा साचा पडद्याच्या कार्डावरील रॉममध्ये कायमचा कोरलेला. रोमन लिपीला एवढे पुरे होते. ती ओळीत उभ्या राहिलेल्या शिपायांसारखी आहे. देवनागरीचा स्वभाव निराळा. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर आधी बसते. उकार खाली लोंबतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’मध्ये ‘क’ ओळखू येत नाही. हे सगळे ऐंशी घरांच्या चाळीत बसवायचे तर अक्षरांची जुळणी करणारा कोणीतरी मध्ये हवा. त्या काळच्या संगणकाचा मेंदू सेकंदाला पन्नास लाख ठोकेही पुरते देत नसे. त्याने हिशेब करायचा की दर अक्षराला रफार कुठे टेकतो ते पाहायचे? आणि समजा एखाद्याने चित्रे काढून मराठी दाखवणारा कार्यक्रम लिहिलाच, तरी कचेऱ्यांत वापरात असलेले डीबेस, लोटस यांसारखे तयार कार्यक्रम थेट पडद्याच्या घरांत अक्षरे टाकत. त्यांना मराठी शिकवणार कोण?

याचे उत्तर कानपूरच्या आयआयटीत तयार होत होते. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे सत्तरच्या दशकापासून देवनागरीवर काम चालू होते, आणि १९८३ साली दिल्लीला भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिकही झाले. त्या गटातले मोहन तांबे यांनी पुढे जी रचना विकसित केली तिला ‘जिस्ट’ हे नाव मिळाले. मार्च १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेचा जन्म महासंगणकासाठी झाला होता. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा आपणच बांधू, ही ती ईर्ष्या. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला आणि त्याचीच छायाचित्रे छापून आली. पण तांबे आणि जिस्टचे काम १९८८ सालीच पुण्यात येऊन गणेशखिंडीत नांदू लागले होते. परमपेक्षा जिस्टने कितीतरी अधिक माणसांच्या टेबलावर जागा मिळवली असे आम्हांला वाटते, पण कार्डाचा फोटो कोण छापणार!

जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाचे झाकण काढून आतल्या खाचेत बसवायची एक पाटी. तिच्यावर तिचा स्वतःचा प्रक्रियक होता. डीबेससारखा कार्यक्रम बाइट पाठवी, कार्ड ते मध्येच झेली आणि जुळलेली अक्षरे पडद्यावर मांडी. कार्यक्रमाला वाटे आपण इंग्रजीतच काम करीत आहोत. हे नीट पाहिले तर कार्डावर एक छोटी कार्यप्रणालीच नांदत होती. कळफलक, संकेत, जुळणी, पडदा यांची सगळी व्यवस्था ती सांभाळी आणि खालच्या डॉसला त्याचा पत्ताही नसे. कळफलकाची तिची मांडणी डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी होती. आज तिला ‘इन्स्क्रिप्ट’ म्हणून आपण ओळखतो आणि बहुतेक जण वापरत नाही. एका कळीच्या दाबासरशी तोच मजकूर तेलुगू किंवा गुजराती लिपीत दिसे, कारण साठवणीत लिपी नव्हतीच, फक्त वर्ण होते.

हे सगळे परवान्याचे होते. सी-डॅकने विकलेले किंवा तिच्या परवान्याने बनलेले कार्ड खाचेत नसेल तर पडद्यावर मराठी उमटत नसे. फ्लॉपीवरून नक्कल करून शेजाऱ्याला देण्यासारखे त्यात काही नव्हते. जिस्ट वापरणे म्हणजे यंत्र विकत घेणे. महाविद्यालये, लहान छापखाने, पतपेढ्या यांच्या आवाक्याबाहेर ते राहिले आणि कार्ड मुख्यतः सरकारी आणि मोठ्या कचेऱ्यांत बसले, याचा दोष त्या बांधणीकडे जातो हे खरे. पण ही बांधणी लादलेली नव्हती. त्या काळच्या यंत्राला ते काम झेपतच नव्हते, म्हणून दुसरे यंत्र जोडावे लागले.

या कार्डाच्या पोटात जो संकेत होता त्याकडे मात्र आमच्यासारख्या भाषेच्या लोकांचे लक्ष गेले नाही. १२७ पर्यंतचे आकडे इंग्रजीला जसेच्या तसे ठेवून त्यापुढचे आकडे भारतीय लिपींना देण्याची ही पद्धत. तिचे नाव ‘इस्की’. ती १९८८ साली ठरली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. ‘प्रसिद्ध केली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणीही ती पुस्तिका घेऊन वाचू शकत होता की १७९ म्हणजे ‘क’, १८० म्हणजे ‘ख’. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर साठवायची. मराठीच्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधल्या आडव्या ‘र’ची सोयसुद्धा तिच्यात होती. कार्ड बंद होते, पण कार्डावरची भाषा उघडी होती.

येथे थोडे विषयांतर करतो. परवान्याच्या यंत्राला बांधलेल्या प्रणालीचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण अमिगाचे आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. अमिगा हा कमोडोर कंपनीचा १९८५ सालचा संगणक. चित्रे आणि ध्वनी यांत तो आपल्या काळाच्या बराच पुढे होता. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोर बुडाली. अमिगाचे नाव आणि हक्क आधी जर्मनीतल्या एस्कॉमकडे, मग १९९७ साली अमेरिकेतल्या गेटवेकडे आणि तिथून एका छोट्या नव्या कंपनीकडे गेले. युरोपात अमिगाचे काही हजार निष्ठावंत उरले होते. त्यांच्यासाठी प्रणालीची चौथी आवृत्ती काढण्याचा करार नोव्हेंबर २००१ मध्ये बेल्जियमच्या हायपेरियनशी झाला. पुढच्या वर्षी अट जाहीर झाली की ही प्रणाली परवाना घेतलेल्या यंत्राबरोबरच मिळेल. असे यंत्र ‘अमिगावन’ या नावाने ब्रिटनच्या आयटेकने काढले. त्याच वेळी त्याच प्रकारचा प्रक्रियक असलेले ‘पेगॅसॉस’ नावाचे दुसरे यंत्र बाजारात होते, पण त्याला परवाना नव्हता, म्हणून त्याच्यावर ही प्रणाली चालू द्यायची नाही असे ठरले.

कारणे दिली गेली ती अगदीच पोकळ नव्हती. चोरट्या नकला होतील, आणि मूठभर लोकांची संस्था जगातल्या प्रत्येक पाटीवर आपली प्रणाली तपासून देऊ शकत नाही. पण पुढे काय झाले ते पाहावे. चौथी आवृत्ती पूर्ण होऊन डिसेंबर २००६ मध्ये बाहेर पडली, तेव्हा परवान्याच्या यंत्रांचे उत्पादन थांबलेले होते. प्रणाली होती, घेणारेही होते, आणि ती ज्याच्यावर चालवायची परवानगी होती ते यंत्र दुकानात नव्हते. पाठोपाठ २००७ साली हक्कदारांमध्ये अमेरिकेच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि तो सप्टेंबर २००९ मध्ये तडजोडीने मिटला. त्या वर्षाच्या आरंभीच आधी नाकारलेल्या पेगॅसॉसच्या दुसऱ्या आवृत्तीसाठीही प्रणाली उपलब्ध झाली होती. अॅपलने १९९५ ते १९९७ या काळात उलटा प्रयोग केला, म्हणजे इतरांना परवाने दिले आणि स्वतःचा धंदा बसतो आहे हे दिसताच ते आवरले. अॅपल मोठी होती म्हणून तरली. लहानाला बांधणी फार काळ पेलत नाही, कारण दोन पायांपैकी एक दुसऱ्याच्या अंगणात असतो.

आता पुन्हा पुण्यात येऊ. १९९२ नंतर विंडोज आणि ट्रूटाइप फॉन्ट आल्यावर जिस्ट कार्डाची तांत्रिक गरज संपली. पडद्यावर हवे ते चित्र काढणे आता संगणकाला सहज जमत होते. फॉन्ट म्हणजे चित्रांची पेटी. तिच्यात ‘ए’च्या जागी अर्धा ‘क’, ‘बी’च्या जागी काना, पौंडाच्या जागी रफार असे तुकडे भरले की झाली मराठी. यंत्राचे बंधन सुटले, तेव्हा मराठी मोकळी व्हायला हवी होती. घडले उलटे. प्रत्येक उत्पादकाने तुकड्यांची मांडणी आपल्या मनाने केली. खुद्द सी-डॅकनेही विंडोजसाठी इस्कीबरोबर ‘इस्फॉक’ ही तुकड्यांची वेगळी मांडणी आणली. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की राडा. २००० च्या आसपास मराठी वृत्तपत्रे संगणकावर वाचणाऱ्यांना आठवत असेल की दर वृत्तपत्रासाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

आणि या सगळ्यावर लॉक आले. कार्ड खाचेत बसे आणि काम करी. लॉक प्रिंटरच्या तोंडात बसे आणि काहीच काम करीत नसे. कार्यक्रम अधूनमधून त्याला विचारी, ‘तू आहेस ना?’ त्याने ‘आहे’ म्हटले की टंकन सुरू. एवढ्यासाठीच ते यंत्र. पुण्यात आणि मुंबईत डीटीपीचा धंदा याच लॉकच्या जिवावर उभा राहिला. आप्पा बळवंत चौकाच्या आसपासची दुकाने रात्री बंद करताना काही जण गल्ल्याबरोबर लॉकही घरी नेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. लॉक हरवले म्हणजे धंदा हरवला.

लॉक बनवणाऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे आणि आम्हीही त्या दिल्या आहेत. आज तसे करवत नाही. मराठीचा बाजार लहान, मराठी फॉन्ट नीट काढणारी माणसे त्याहून कमी. एक अक्षरवळण उभे करायला महिनोन्‌महिने लागत आणि त्याची नक्कल व्हायला एक फ्लॉपी पुरे. विकत घेऊन वापरण्याची सवय तर आपल्या समाजाला नव्हतीच. लॉक नसते तर त्या संस्था दोन वर्षांत मिटल्या असत्या आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण जी सुबक छापलेली मराठी पुस्तके वाचली त्यांतली बरीच त्या वळणांत छापलीच गेली नसती. लॉकने अक्षरे बनवणाऱ्याचे पोट भरले. आमची तक्रार लॉकबद्दल नाही. लॉकच्या आत जो संकेत होता तो कोणी कुठे प्रसिद्ध केला नाही, ही तक्रार आहे. कुलूप दुकानाला असते तोवर ठीक. इथे ग्राहकाने लिहायला दिलेली वहीसुद्धा त्याच कुलपात राहिली.

छपाईच्या जुन्या इतिहासात याची तुलना सापडते. शिशाचे खिळे फाउंड्रीतून विकत आणले की ते छापखान्याच्या मालकीचे होत. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पाडलेले वळण सुंदर होते, पण त्यात जुळवलेले पान वाचायला निर्णयसागरची परवानगी लागत नसे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हरि गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांनी देवनागरी लायनोटाइपवर आली, तेव्हा तिच्या मातृका त्याच यंत्रात चालणाऱ्या होत्या. म्हणजे यंत्राची बांधणी तेव्हाही होती. पण छापून निघालेला कागद मोकळा होता. संगणकाने केलेला बदल हा, की आता मजकूर हाच कागद झाला आणि तो वाचायलाही यंत्र लागू लागले.

यथावकाश युनिकोड आले. त्याचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या क्रमावरच बेतलेला आहे. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्टसह मराठी आली. २००५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून सी-डॅकने भारतीय भाषांचे फॉन्ट आणि साधने फुकट वाटायला सुरुवात केली. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली आणि ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि लेखनाचा निर्णय काढला. हे सगळे सर्वांना माहीत आहे. आमच्या सीडीतल्या मजकुराला मात्र यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही.

त्यासाठी परिवर्तक लागला. अनेक हौशी मंडळींनी एकेका फॉन्टची चित्रे डोळ्यांनी पाहून, कोणता आकडा म्हणजे कोणता तुकडा याची कोष्टके बनवली आहेत. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. अशाच एका परिवर्तकातून आम्ही २०१४ साली मजकूर काढला. नव्वद टक्क्यांहून अधिक वाचता आला, म्हणजे असे वाटले. बाकीचे पाहताना हसावे की रडावे कळेना. ‘विहीर’ची वेलांटी काही ठिकाणी शब्दाच्या बाहेर पडून एकटी उभी होती. आडवा ‘र’ तर नाहीसाच झाला होता. त्या फॉन्टमध्ये त्याचा तुकडा वेगळा होता आणि कोष्टक बनवणाऱ्याने त्यालाही रफारच समजले होते. त्यामुळे ‘झऱ्याची पट्टी’ ही ‘झर्याची’ झाली, ‘खोऱ्यातले वावर’ ‘खोर्यातले’ झाले आणि ‘दऱ्याचा मळा’ हा ‘दर्याचा मळा’ झाला. शिरूर तालुक्यात दर्या! ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली तिथे परिवर्तकाने समुद्र आणून ठेवला होता. आम्ही एका झटक्यात सगळे ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ केले आणि ‘कार्य’, ‘सूर्य’ असे संस्कृत शब्द तेवढे हाताने परत फिरवले.

फ्लॉपीची गोष्ट यानंतरची. आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होताना त्यांनी कपाट आवरले, त्यात १९९३ सालची एक फ्लॉपी निघाली. प्राध्यापक होण्याआधी ते एका कचेरीत होते. तिथल्या जिस्ट कार्डाच्या संगणकावर, कचेरीची वेळ संपल्यावर, त्यांनी शेतीच्या अवजारांची शब्दसूची डीबेसमध्ये भरली होती. ते कार्ड आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेले होते. डीबेस कोणाकडे नव्हते. आम्ही आशा सोडून फ्लॉपी वाचून पाहिली. फाईल उघडल्यावर दिसले ते आमच्या सीडीसारखेच अगम्य. फरक एवढाच की ते सगळे आकडे १६१ ते २५० यांच्या दरम्यान होते, आणि त्या आकड्यांचा अर्थ भारत सरकारने छापून ठेवलेला होता. संगणक विभागातल्या एका विद्यार्थिनीने दोन संध्याकाळी बसून छोटा कार्यक्रम लिहिला. कुळव, पाभर, फराट, शिवळ, चऱ्हाट. सगळी सूची पडद्यावर आली. ‘चऱ्हाट’मधला आडवा ‘र’ जागच्या जागी होता.

एक मजकूर खास कार्डाशिवाय लिहिताच येत नव्हता, तो वीस वर्षांनी कार्डाशिवाय वाचता आला. दुसऱ्याला खरे तर कोणत्याच खास यंत्राची गरज नव्हती, आणि तो दहा वर्षांतच मुका झाला.

विज्ञान आश्रमात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अधूनमधून जातो. २००२ साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पुढे जगभर पसरलेल्या या प्रयोगशाळांच्या सनदेत एक कलम आहे. इथे तयार झालेली रचना संशोधकाने हवी तर राखून ठेवावी, विकावी, पण इतरांना ती वापरून शिकता येईल अशी उपलब्ध असावी. कलबागांना हे कलम वाचून दाखवावे लागले नसते. यंत्र बिघडले तर उघडून पाहायचे, ही तिथली रीतच आहे. पूर्वी आम्हांला वाटे की ही रीत आणि परवान्याचा धंदा यांचे जमणार नाही. सनदेतल्या त्या कलमात विकण्याची मुभाही आहे हे आमच्या लक्षात उशिरा आले. कार्ड विका, लॉक विका, फक्त १७९ म्हणजे ‘क’ एवढे सांगून ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सुधारलेल्या यादीची प्रत घेऊन पुन्हा पाबळ परिसरात गेलो. दुसरी आवृत्ती काढायची तर नावे एकदा तोंडाने तपासून घ्यावीत असा विचार होता. ‘झऱ्याची पट्टी’ बरोबर निघाली. झरा आता नाही, पण तो कुठे होता ते दाखवणारे आहेत. ‘खोऱ्यातले वावर’ही बरोबर. ‘दऱ्याचा मळा’ मात्र कोणाला कळेना. तिथे दरा नाही, उतारही नाही, सपाट रान आहे. शेवटी एका ओट्यावर बसलेल्या आजींना विचारले. आम्ही दोनदा नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “दऱ्याचा न्हवं, सर. दर्याचा. दर्याजी म्हंजी आमच्या मामंजींचा आजा. त्यानं हीर पाडली व्हती तिथं.”

म्हणजे परिवर्तकाने दिलेले रूप इथे बरोबर होते आणि ते आम्हीच दुरुस्त करून बिघडवले होते. २००३ साली वहीत आम्ही काय लिहिले होते, जुळणी करणाऱ्याने काय उमटवले होते, हे आता सांगता येत नाही. आम्ही त्या झटक्यात बदललेली आणखी एकवीस नावे यादीत आहेत. त्यांतली नऊ केंदूरची, सात धामारीची आणि उरलेली कान्हूरची. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जायचे ठरले आहे. आजींनी विहिरीची जागा दाखवली, ती बुजवून वर शेड उभी आहे.